'स्त्री'चे वळण आणि वाचक : वाचकपत्रे कशी वाचावीत?

१

नियतकालिकांच्या अभ्यासात संपादक, लेखक आणि वाङ्मयप्रकार यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. वाचक मात्र बहुधा एका परिच्छेदात उरकला जातो. 'वाचकांनी या मासिकाचे उत्स्फूर्त स्वागत केले' हे वाक्य आपल्या किती प्रबंधांत येते याची कोणी मोजदाद केली तर ती उद्बोधक ठरेल. मासिकाचे धोरण बदलते तेव्हा या परिच्छेदाचे दोन तुकडे होतात : काही वाचकांनी बदलाचे स्वागत केले, काहींनी विरोध केला, स्वागत करणारे पुरोगामी, विरोध करणारे परंपरावादी. ही विभागणी सोयीची आहे आणि तिच्यामुळे प्रबंधाचे प्रकरण लवकर पूर्ण होते, हेही खरे. पण विरोध करणारी वाचक नेमके काय गमावत असते, हा प्रश्न तीत विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात तो 'स्त्री' या मासिकाच्या संदर्भात विचारायचा आहे.

इंग्रजीत वेशभूषेला व सौंदर्यप्रसाधनाला मोठी जागा देणारी स्त्रियांची नियतकालिके मुंबईतून निघाली. 'ईव्हज वीकली' १९४७ मध्ये आणि 'फेमिना' १९५९ मध्ये. मराठीत हा विषय दीर्घकाळ स्त्रियांच्या सर्वसाधारण मासिकाच्या पोटातच राहिला. कथा, लेख, पाककृती, विणकाम-भरतकाम, आरोग्य, साड्या आणि केशरचना हे सारे एकाच अंकात बांधलेले असे. त्यामुळे मराठीत फॅशनच्या मासिकाचे धोरण बदलते तेव्हा काय होते हे पाहायचे, तर या मिश्र अंकाकडेच जावे लागते.

'वळण' या आपल्या शब्दाचे दोन अर्थ येथे उपयोगी पडतात. रस्ता वळण घेतो. मुलीला वळण लावतात. स्त्रियांच्या मासिकाचा पहिला संसार दुसऱ्या अर्थावर उभा होता. पुढे मासिकानेच पहिल्या अर्थाने वळण घेतले, तेव्हा ज्यांना आजवर वळण लावले जात होते त्या वाचकांची स्थिती काय झाली, हा खरा मुद्दा आहे.

२

'स्त्री'चे जन्मस्थान कोल्हापूरपासून फार दूर नाही. औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे नांगर तयार होऊ लागले आणि १९२० साली शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी तेथूनच 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र त्याच दशकात सर्वसामान्य वाचकांचे मासिक बनले आणि त्याच्या नावातील 'खबर' गळून पडली. या संस्थेच्या पहिल्याच नियतकालिकाचा इतिहास हा अशा रीतीने धोरणबदलाचा इतिहास आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये 'स्त्री' निघाले, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ज्या 'किर्लोस्कर'ने छापले, त्याच्याच घरात 'स्त्री' वाढले. वाचकाला न रुचणारे छापण्याची सवय त्या घराला नवी नव्हती.

शंवाकि हे मुळात चित्रकार. मुंबईत आणि पुढे लाहोरला पंडित सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. कारखान्याच्या वसाहतीतून निघणाऱ्या मासिकाचा संपादक चित्रकार असावा, हा योगायोग लहान नाही. मासिक दिसते कसे आणि त्यातली स्त्री दिसते कशी, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या दृष्टीने विचाराच्या कक्षेतील होते.

त्या काळात हे स्वाभाविकही होते. तिसाव्या-चाळिसाव्या दशकांत पांढरपेशा मराठी घरांत सकच्छ नऊवारी सोडून पाचवारी गोल नेसणे ही केवळ कापडाची निवड नव्हती. सून गोल नेसते की नाही यावरून घराची मते ठरत. पायांतल्या चपला, हातातले घड्याळ, सायकल, अंबाड्याऐवजी वेणी, यांतील प्रत्येक गोष्ट वादाला पुरेशी होती. कोल्हापूरच्या वाचकाला तर याचा अनुभव घरबसल्या येत होता. येथील हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि त्याची चर्चा चित्रपटाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकली. मास्टर विनायकांचे दिग्दर्शन आणि आचार्य अत्र्यांचे लेखन असलेला हा चित्रपट ढोंगी ब्रह्मचर्याची टिंगल करणारा होता, हे पुष्कळांच्या लक्षात राहिले नाही, पोशाख राहिला. १९४१ च्या सुमारास लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. शिकलेल्या, पदवीधर नटीचा चेहरा साबणाच्या वडीशेजारी दिसणे हेही त्या वेळी एक विधानच होते.

म्हणून वेशभूषा ही 'हलकी' सामग्री आणि लेख ही 'गंभीर' सामग्री असा भेद त्या काळच्या अंकांना लावणे चुकीचे ठरेल. तो भेद पुढे पडला. जी नेसण १९३० साली बंडखोर होती ती १९६० पर्यंत रूढ झाली. रूढ झाल्यावर ती 'गृहिणींचे पान' या सुरक्षित खात्यात गेली. मासिकाने जे एके काळी धाडसाने आत आणले होते, त्याचेच पुढे जुने सामान झाले आणि ते बाहेर काढणारा संपादक नव्याने धाडसी ठरला. स्त्रीमासिकांच्या इतिहासातील हा विरोधाभास आपण पुरेसा पाहिलेला नाही.

३

विद्या बाळ (१९३७–२०२०) १९६४ साली 'स्त्री'च्या संपादकीय विभागात आल्या. १९८३ ते १९८६ या काळात त्या संपादक होत्या. मधल्या काळात महाराष्ट्रातले वातावरण बदलले होते. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी मुंबईत स्त्री मुक्ती संघटना स्थापन झाली. १९७७ मध्ये 'बायजा' हे नियतकालिक निघाले. १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच उभा राहिला व त्यात विद्याताईंचा पुढाकार होता. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आले. 'स्त्री'च्या पानांत या सर्वांचा आवाज येऊ लागला. हुंडा, मारहाण, घटस्फोट, एकट्या स्त्रीचे जगणे हे विषय आता कथेच्या आडून नव्हे, तर सरळ लेखांतून आणि संपादकीयातून येत होते.

येथे मुख्य बदल विषयांचा नव्हता. तो संबोधनाचा होता. जुने मासिक वाचकाला 'भगिनींनो' म्हणे आणि तिला काही शिकवी : बालसंगोपन कसे करावे, वेळेचा सदुपयोग कसा करावा, नवे तरी सुसंस्कृत कसे दिसावे. शिकवणारा कितीही उदार असला तरी तो एक पायरी वर उभा असे. नवे मासिक त्याच वाचकाला विचारू लागले : तुला काय वाटते? तुझ्या घरी काय चालते? हा प्रश्न ज्यांना कधी कोणी विचारलेला नव्हता त्यांना तो दिलाशाचा वाटणे शक्य होते आणि अंगावर आल्यासारखा वाटणेही तितकेच शक्य होते.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ साली मांडलेली अपेक्षाक्षितिजाची कल्पना आता आपल्या अभ्यासक्रमांतही रुळली आहे. नवी साहित्यकृती वाचकाचे क्षितिज ओलांडते आणि कालांतराने क्षितिजच पुढे सरकते, असे तिचे स्थूल रूप. पुस्तकाला ही कल्पना नीट लागू पडते. मासिकाला लावताना मात्र थोडे थांबावे लागते. पुस्तक एकदा भेटते. मासिक दर महिन्याला दारात येते. त्याची वर्गणी आगाऊ भरलेली असते, म्हणजे वाचकाने अपेक्षेची किंमत मोजलेली असते. धोरण बदलले की वाचकाला क्षितिज ओलांडले गेल्याचा अनुभव येत नाही. करार मोडल्याचा येतो. म्हणून अशा वेळच्या पत्रांचा सूर साहित्यसमीक्षेचा नसतो. तो नात्यातल्या तक्रारीचा असतो. 'तुम्ही असे कराल असे वाटले नव्हते' हे वाक्य आपण लेखकाला लिहीत नाही. आपल्या माणसाला लिहितो.

४

या तक्रारीत एक रूप नेहमी येते आणि ते नेहमी हसण्यावारी नेले जाते : मासिक फार गंभीर झाले, पूर्वी त्यात विणकामाचे नमुने असत, पाककृती असत, आता आमच्यासाठी काही उरले नाही. अभ्यासक हे वाचतो आणि 'पारंपरिक गृहिणीची मानसिकता' असा शिक्का मारून पुढे जातो. माझे म्हणणे असे की येथेच थांबायला हवे.

मासिक घरात कसे येत असे, याचा विचार करावा. वर्गणीचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या हातून जात. व्ही. पी. सोडवून घ्यायची की परत पाठवायची हे पोस्टमन दारात असताना ठरे आणि ते ठरवणारा बहुधा सासरा किंवा नवरा असे. अशा घरात मासिकाला प्रवेश मिळे तो त्याच्या उपयुक्ततेमुळे. स्वेटरचा नमुना आहे, लोणच्याची कृती आहे, मुलांच्या आजारांवर डॉक्टरांचा सल्ला आहे. 'घेऊ दे, काही तरी शिकेल.' त्या नमुन्याच्या मागच्या पानावर विधवेच्या पुनर्विवाहाची कथा किंवा नोकरी करणाऱ्या स्त्रीचा लेख असला तर तो आपोआप आत येई. विणकामाचा नमुना हा त्या लेखाचा परवाना होता.

जुन्या स्त्रीमासिकांचे अंक हाताळणाऱ्यांना एक गोष्ट परिचित असते. काही पानांतून चौकोनी तुकडे कापून नेलेले असतात. नमुना किंवा कृती कोणी तरी जपून ठेवण्यासाठी कापलेली असते आणि मागच्या बाजूचा लेख मधोमध खिडकी पडल्यासारखा अर्धवट उरतो. ग्रंथपालाला ते नुकसान वाटते व ते आहेच. पण हे कापलेले पान वाचकाच्या प्रतिक्रियेचा दस्तऐवजही आहे. पाठवलेल्या पत्राइतकाच बोलका. दोन्ही बाजू एकाच हातात होत्या, हे तो सांगतो.

आता मुखपृष्ठावर थेट मारहाणीचा किंवा हुंडाबळीचा विषय आला की काय होईल? मासिकाचा परवाना रद्द होईल. मासिकावर निष्ठा असलेल्या, त्यातील प्रत्येक शब्द पटणाऱ्या स्त्रीलाही ते घरात उघड वाचता येणार नाही. 'पाककृती का बंद केल्या' असे विचारणाऱ्या पत्रामागे पाककृतींची ओढ असू शकते. तशीच आपली पळवाट बुजल्याची भीतीही असू शकते. पत्रावरून यांतले नेमके काय हे सांगता येणार नाही. परंतु दुसरी शक्यता डोळ्यांआड करून पहिलीवर शिक्का मारणे, ही अभ्यासकाची घाई आहे.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेने १९८४ साली प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तिला असेच काही आढळले. कादंबरीचा आशय जुनाटच होता, तरी हातात पुस्तक घेऊन बसणे हा त्या स्त्रियांना घरच्यांच्या मागण्यांपासून स्वतःसाठी काढलेला वेळ वाटत होता. आशय आणि वाचनाची कृती या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हा तिचा धडा आपल्या उपयोगाचा आहे. मात्र तो जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडील वाचक एकत्र कुटुंबात, पुष्कळदा एकाच दिव्याखाली वाचत होती.

उलट दिशेचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. १८ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे शंभर स्त्रिया 'लेडीज होम जर्नल' या मासिकाच्या कचेरीत शिरल्या आणि संपादक जॉन मॅक कार्टर यांच्या खोलीत अकरा तास ठाण मांडून बसल्या. स्त्रियांच्या मासिकाचे धोरण स्त्रियांनी ठरवावे, ही त्यांची मागणी होती. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अंकात त्यांना आठ पानांची पुरवणी मिळाली. तेथे वाचक-कार्यकर्त्यांनी बदल मागितला आणि मासिकाने आठ पानांपुरता दिला. पुण्यात बदल संपादकाच्या खुर्चीतून आला आणि वाचकाला तो पेलायचा होता. या फरकामुळे दोन्हीकडच्या पत्रांचे वजन वेगळे ठरते.

५

येथे साधनांविषयी सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांचा वाचकपत्रांवर फार विश्वास असतो. छापलेले पत्र हे निवडलेले पत्र असते. संपादक आपल्या बदलाला पाठिंबा देणारी चार पत्रे छापतो आणि समतोल दिसावा म्हणून विरोधाचे एक. ते विरोधाचे पत्रही बहुधा त्यातल्या त्यात सहज खोडून काढता येण्याजोगे असते. ही सर्वच संपादकांची रीत आहे, तीत कपट शोधण्याचे कारण नाही. पत्र सरळ वाचकाकडूनच आले असेल, असेही गृहीत धरता येत नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'मधील (१९२७–१९५३) 'शारदेची पत्रे' खुद्द कर्वेच लिहीत होते. त्याच मासिकात खऱ्या वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दोनशे रुपये दंड झालाच. वाचकाचा खासगी प्रश्न छापणे ही त्या काळी न्यायालयात नेणारी गोष्ट होती, हे विसरून आपण पत्रव्यवहाराचे सदर 'अनौपचारिक' म्हणून बाजूला ठेवतो.

सर्वांत मोठी प्रतिक्रिया तर छापलीच जात नाही. ती म्हणजे परत आलेली व्ही. पी. आणि नूतनीकरण न झालेली वर्गणी. शिवाय ज्या स्त्रिया वाचनालयातून अंक आणून वाचत त्यांची नोंद वर्गणीदारांत नसतेच. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. अशा वाचनालयांतील देवघेवीच्या वह्या, जेथे शिल्लक असतील तेथे, वाचकपत्रांइतक्याच मोलाच्या मानायला हव्यात. कोणता अंक किती हातांतून गेला हे त्या सांगू शकतील. विद्यार्थ्यांनी या वह्यांवरील धूळ झटकली तर एखादा चांगला लघुप्रबंध सहज हाती लागेल.

वाचकाची प्रतिक्रिया मासिकाच्या चौकटीबाहेर किती दूर जाऊ शकते, याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी स्त्रीजातीवर जी झोड उठवली, ती वाचून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. संतापलेल्या वाचकाने संपादकाला पत्र न लिहिता पुस्तक छापले. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. आपण त्याचा अभ्यास स्त्रीवादी ग्रंथ म्हणून करतो, ते योग्यच. पण तो आधी एका वाचकाचा प्रतिसाद आहे.

६

एक गोष्ट कबूल करायला हवी. आतापर्यंत ज्या वाचकाविषयी लिहिले ती बहुतांशी वर्गणी परवडणारी, पांढरपेशा, सवर्ण घरातील वाचक आहे. 'स्त्री'चे 'भगिनींनो' हे संबोधन तिच्यापर्यंतच पोहोचत होते. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हापासून शिकू लागलेल्या बहुजन घरांतील मुलींना या मासिकाने वाचक म्हणून किती ओळखले, हा प्रश्न अजून कोणी धसास लावलेला नाही. गोल नेसावे की काष्टा घालावा, हा वाद शेतात राबणाऱ्या बाईला उद्देशून नव्हताच.

ऐंशीच्या दशकातील वळणाचे मोल येथे वेगळ्या मापाने मोजावे लागते. त्या दशकाच्या आरंभी 'स्त्री'मधून फलटणच्या बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे 'जिणं आमुचं' क्रमशः प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. बेबीताईंनी हे लेखन पुष्कळ वर्षे घरच्यांपासून, नवऱ्यापासूनही, लपवून ठेवले होते. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले व विद्या बाळांनी ते छापले. महार वस्तीतील बाळंतपणे, सासुरवास, पोतराज, अंगात येणे, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने बदललेली घरे, हे सारे त्या मासिकाच्या पानांत आले, ज्याने कधी काळी सुसंस्कृत गृहिणी घडवण्याचे व्रत घेतले होते. जुन्या वाचकाला 'हे आमचे मासिक उरले नाही' असे वाटले असेल तर ते वाटणे वस्तुस्थितीला धरून होते. ते केवळ तिचे राहिलेले नव्हते.

आणि तरी त्या दोघींमध्ये एक धागा आहे. पाककृतीच्या आडून लेख वाचणारी वर्गणीदार आणि घरच्यांच्या नजरेआड वह्या भरणारी बेबीताई, या दोघींनाही अक्षरांशी असलेले नाते घरात लपवावे लागत होते. जातीने व परिस्थितीने त्यांच्यात केवढे अंतर होते हे सांगायला नको. लपवण्याची किंमतही दोघींना सारखी पडत नव्हती. पण संपादकाच्या टेबलावर त्या दोघींचे कागद एकाच टपालाने येऊ शकत होते.

१९८६ मध्ये विद्या बाळ 'स्त्री'तून बाहेर पडल्या आणि ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक सुरू केले. नावातूनच संबोधन बदलले होते. हाक मारणारी आणि जिला हाक मारायची ती एकाच शब्दात आल्या. या नव्या मासिकाचे वर्गणीदार कोण झाले? 'स्त्री'च्या जुन्या वाचकांतून किती जणी इकडे आल्या, किती जणी दोन्ही घेत राहिल्या आणि गंभीरपणाची तक्रार करणाऱ्यांपैकीही कोणी आल्या का? दोन्ही मासिकांचे त्या काही वर्षांतले अंक शेजारी ठेवून पत्रलेखिकांची नावे आणि गावे ताडून पाहिली तर उत्तराची सुरुवात होऊ शकते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यापासून सुरुवात करणे आपल्या विद्यार्थ्यांना सोयीचे. किर्लोस्करवाडी वाटेवरच आहे.